लूस की लूझ, अफेक्ट की इफेक्ट: यादी पाठ करून का राहत नाही

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा, की दहावीपर्यंत मराठी मिडियम, आता हिंजवडीत आयटीत नोकरी, आणि गेल्या आठवड्यात क्लायंटला गेलेल्या मेलमध्ये 'डेटा कुठेही जाणार नाही' असं लिहायचं होतं तिथे तुम्ही गमावणे या अर्थाचा 'लूज' डबल ओ घालून लिहिलंत, आणि मॅनेजरने सगळ्यांना सीसीत ठेवून ते दुरुस्त केलं. मग तुम्ही इरेला पेटून नेटवरून अशा शंभर जोड्यांची यादी काढलीत, रोज दहा जोड्या पाठ करताय, आणि आता गंमत अशी झालीये की आधी जे न बघता बरोबर यायचं तेही चुकायला लागलंय. विचारलंय काय, तर याहून चांगली यादी कुठे मिळेल, आणि शेवटी, क्लायंटला सॉरीचा मेल पाठवू का.

मी पुण्यात पंचवीसेक वर्षं प्रूफं वाचते. सुरुवात नारायण पेठेतल्या एका प्रेसमध्ये, आता घरून करते, कंपन्यांची मॅन्युअल, पीएचडीचे प्रबंध, वार्षिक अहवाल वगैरे. मीही मराठी मिडियमचीच. भाषाशास्त्र शिकलेली नाही, त्यामुळे जे सांगतेय ते टेबलावर बसून जे दिसलं त्यावरून.

यादी मिळेल हो, ढिगाने मिळतील. पण माझ्या मते तुमचं पाठांतर कमी पडत नाहीये, यादीच तुम्हाला गोत्यात आणतेय. दोन सारखे शब्द तुम्ही रोज शेजारी शेजारी ठेवून बघता, त्यामुळे एक आठवला की दुसरा त्याच्या मागोमाग येतोच, आणि मग 'यातला कुठला?' हा प्रश्न पडतो जो आधी पडतच नव्हता. मराठीत बघा. 'जरा थांब' मधला जरा आणि 'जरामरण' मधली जरा, म्हणजे म्हातारपण, लिहायला अगदी एकच, उच्चार वेगळा, अर्थाचा तर काही संबंधच नाही. तुमचा कधी घोळ झालाय? नाही, कारण शाळेत कोणी 'ओळखा पाहू जरा आणि जरा' अशी जोडी फळ्यावर लिहून दिली नाही. पहिला शब्द आईने दिवसातून पन्नास वेळा म्हटला म्हणून आला आणि दुसरा कुठल्या तरी कीर्तनात किंवा पुस्तकात 'मरण' हाताशी धरून आला. दोघं वेगवेगळ्या घरातून आले. इंग्रजी शब्दही असेच वेगवेगळ्या घरातून यायला हवेत, बाकी सगळं मग त्याच्या मागून.

पण त्याआधी आपण नक्की कशामुळे चुकतोय ते बघायला लागतं, कारण वरवर सारखी दिसणारी चूक आतून वेगळी असते आणि औषध पण वेगळं. तुमचीच चूक घेऊया.

लूज. आपण मराठीत लूज हा शब्द कधीचा वापरतो. नट लूज झालाय, पँट लूज होते, लूज मोशन. आणि आपण तो ज ने म्हणतो, झ च्या जवळचा. इंग्रजीत मात्र सैल या अर्थाचा जो शब्द आहे, डबल ओ वाला, त्याचा उच्चार लूस आहे, ज्यूस सारखा. आणि हरवणे, गमावणे वाला जो आहे, एकच ओ, त्याचा उच्चार लूझ. म्हणजे झालं काय, की झ चा उच्चार आपण आधीच सैलवाल्याला देऊन बसलोय, आणि गमावणेवाला आला तेव्हा त्याला जागाच उरली नाही. कानाला दोन्ही एकच, मग हात कुठलंही स्पेलिंग टाइप करतो. त्यात 'चूझ', म्हणजे निवडणे, त्याला डबल ओ आहे आणि उच्चार झ. त्यामुळे कानाच्या भरवशावर चालणारा माणूस 'लूझ'लाही डबल ओ देणारच, त्यात तुमची चूक तरी किती.

इथे दोन गोष्टी करायच्या. एक म्हणजे तोंड सुधारायचं. महिनाभर मुद्दाम 'लूस कनेक्शन', 'लूस वायर' असं स ने म्हणा, टीममधले हसले तर हसू देत. दुसरी, आणि ही जास्त महत्त्वाची, गमावणेवाल्याला त्याच्या घरच्या माणसांत बसवा. लॉस, लॉस्ट, लूझ. तिघांनाही एकच ओ. तुम्ही दिवसभर 'डेटा लॉस' म्हणता, लिहिता, ते कधी चुकलंय का? नाही ना. मग डेटाचा लॉस होतो तेव्हा आपण डेटा लूझ करतो, ओ एकच. सैलवाल्याकडे बघायचंही नाही सध्या. तो आपोआप उरतो.

आता अफेक्ट-इफेक्ट, कारण तुमच्या यादीत ते पहिलंच असणार, सगळ्या याद्यांत असतं. ए ने सुरू होणारा अफेक्ट क्रियापद आणि ई ने सुरू होणारा इफेक्ट नाम, हे तुम्हालाही पाठ आहे, मला माहितीये. तरी चुकतं. का? मला विचाराल तर याचं मूळ इंग्रजीत नाही, आपल्या मराठीत आहे. आपण नामाला 'करणे' किंवा 'होणे' लावून क्रियापद बनवतो. परिणाम आणि परिणाम होणे. सल्ला आणि सल्ला देणे. सराव आणि सराव करणे. मुख्य शब्द तोच राहतो, नुसती शेपटी लागते. त्यामुळे नाम आणि क्रियापद हे दोन वेगळे शब्द असतात ही जाणीवच आपल्याला बोलताना लागत नाही, आणि 'ट्रॅफिकवर परिणाम होईल' हे इंग्रजीत करताना डोकं 'परिणाम' म्हणून इफेक्ट उचलतं आणि 'होईल' म्हणून त्याच्या आधी विल चिकटवतं. म्हणून व्याकरणाची व्याख्या पाठ करून उपयोग होत नाही. लिहिताना कोण थांबून विचारतो की हे नाम आहे का क्रियापद.

त्यापेक्षा मी जे बघते ते सांगते. 'वर' कुठे आहे ते बघा. पावसाचा ट्रॅफिकवर परिणाम होतो. अफेक्ट या शब्दाच्या पोटातच तो 'वर' आहे, त्याच्यापुढे ऑन येत नाही, थेट ट्रॅफिक येतं. रेन अफेक्ट्स ट्रॅफिक. इफेक्टला मात्र 'वर' बाहेरून लावावा लागतो, इफेक्ट ऑन ट्रॅफिक. म्हणजे पुढे ऑन असेल किंवा मागे द, अ‍ॅन, एनी, नो असं काही असेल तर ई. मागे विल, मे, कॅन, डझ नॉट असेल आणि पुढे ज्याच्यावर परिणाम होतोय ती वस्तू थेट आली असेल तर ए. प्रूफ वाचताना मी अर्थ बघतच नाही सुरुवातीला, फक्त शेजारी बघते, आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर काम होतं. आणि एक फुकटचा फायदा, 'अफेक्ट ऑन' ही जी आपल्याकडे सर्रास होणारी दुसरी चूक आहे ती पण यातच पकडली जाते.

बहुतेक वेळा म्हटलं, कारण अपवाद आहेत आणि ते तुम्हाला कुठेतरी भेटणारच. ऑफिसच्या सर्क्युलरमध्ये 'विथ इफेक्ट फ्रॉम १ एप्रिल' असतं, म्हणजे १ एप्रिलपासून लागू, तो ई. 'इफेक्ट अ चेंज' म्हणजे बदल घडवून आणणे, इथे ई वाला चक्क क्रियापद होतो, पण तो सरकारी आणि वकिली थाटाचा, तुम्हाला मेलमध्ये लागणार नाही. आणि ए वाला नाम म्हणून मानसशास्त्रात येतो, पहिल्या अक्षरावर जोर देऊन म्हणतात, चेहऱ्यावर-वागण्यात दिसणारी भावना अशा अर्थी. हा मला कसा कळला? एका मानसशास्त्राच्या प्रबंधात मी 'फ्लॅट अफेक्ट' जिथे जिथे दिसलं तिथे तिथे मोठ्या शहाणपणाने ई करून दिलं. त्या मुलीने विश्वासाने तसंच गाईडपुढे नेलं. गाईडने काय म्हटलं ते तिने मला सांगितलं नाही, पण तिने फोनवर जो पॉज घेतला तो अजून आठवतो. तेव्हापासून विषय कुठला आहे ते विचारल्याशिवाय मी काही बदलत नाही.

अडव्हाइस-अडव्हाइझ हे पण वरच्याच जातीचं, सल्ला आणि सल्ला देणे. सी वाला नाम, उच्चार स. एस वाला क्रियापद, उच्चार झ. इथे उच्चार तुम्हाला वाचवतो, फक्त तो नीट करायचा. प्रॅक्टिसमध्ये तेवढीही सोय नाही, दोन्हीचा उच्चार एकच, आणि वर ब्रिटिश-अमेरिकन भानगड. ब्रिटिश पद्धतीत नाम सी ने, क्रियापद एस ने. अमेरिकन पद्धतीत दोन्हीला सी. लायसन्समध्ये उलट, अमेरिकन दोन्हीला एस लावतात. आपला १९८८चा मोटार वाहन कायदा ब्रिटिश वळणाने जातो म्हणून त्यात ड्रायव्हिंग लायसन्स सी ने आहे, तुमच्या खिशातल्या कार्डावर बघा. त्यामुळे यात बरोबर काय हे क्लायंट कुठला त्यावर आहे. क्लायंट अमेरिकेचा असेल तर प्रॅक्टिस नेहमी सी, लायसन्स नेहमी एस, विषय संपला. लंडनचा असेल तर नाम-क्रियापद बघायला लागेल. वर्डमध्ये खाली भाषा कुठली निवडलीये ते दिसतं, ती क्लायंटप्रमाणे ठेवा, नाहीतर ते सॉफ्टवेअर बरोबर शब्दाखाली लाल रेघ मारून तुम्हाला आणखी गोंधळात टाकेल.

आता दुसरी जात. उच्चार अगदी एक, इंग्रजांच्या तोंडातही एक, स्पेलिंगमध्ये एखाद-दुसऱ्या अक्षराचा फरक. प्रिन्सिपल, स्टेशनरी, कॉम्प्लिमेंट. यात तोंड सुधारून काही होत नाही.

यावर प्रेसमध्ये एक जुनी पद्धत होती. प्रूफ दोघं मिळून वाचायचो. एक जण मूळ कॉपी मोठ्याने वाचणार, दुसरा हातात पेन घेऊन प्रूफावर नजर फिरवणार. मी नवीन होते तेव्हा मालक वाचायचे आणि मी बघायचे. छपाईचं मशीन मागे धडधडत असायचं म्हणून ते ओरडूनच वाचायचे, स्वल्पविराम, पूर्णविराम, कॅपिटल सगळं तोंडाने म्हणत. पहिल्याच आठवड्यात ते एकदम 'प्रिन्सि-पाल' म्हणाले. मी म्हटलं काका, पल. ते म्हणाले, 'मला माहितीये काय आहे ते, तू कागद बघ, पाल आहे का तिथे?' तिथे पी-एल-ई होतं. म्हणजे त्यांच्यासाठी ए-एल वाला 'प्रिन्सि-पाल' आणि एल-ई वाला 'प्रिन्सि-प्ले'. स्टेशनरीतही 'स्टेशन-अरी' आणि 'स्टेशन-एरी'. मुद्दाम चुकीचा उच्चार, पण त्यात स्पेलिंग ऐकू येतं. फेब्रुवारीला पण ते 'फेब-रु-आरी' म्हणायचे. बाहेरच्या माणसाने ऐकलं असतं तर म्हणाला असता यांना इंग्रजी येत नाही.

मी अजून मनातल्या मनात तसंच वाचते. तुम्हीही करा, यात लाजण्यासारखं काही नाही. प्राचार्यांच्या केबिनमध्ये भिंतीवर पाल आहे असं धरून चाला, आता जन्मात विसरणार नाही. आणि मुद्दलही पालवालंच, होमलोनच्या स्टेटमेंटमध्ये व्याजाच्या शेजारचा कॉलम बघा, प्रिन्सिपल, ए-एल. जे जे मुख्य, ते सगळं पालवालं, मुख्य कारण, मुख्य रक्कम, मुख्य माणूस. एल-ई वाला फक्त तत्त्व किंवा नियम, बाकी काही नाही.

हे इतकं घोटून बसलं त्याला कारण आहे. प्रेसमध्ये दुसऱ्या वर्षी एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनाची ४०० सर्टिफिकिटं माझ्या हाताखालून गेली. जाड आयव्हरी कार्ड, कडेने सोनेरी वेलबुट्टी, सगळी मान खाली घालून तपासली, मुलांची नावं, तारखा, ट्रॉफीचं नाव. खाली उजवीकडे सहीची रेघ आणि रेघेखाली पदनाम, तिथे एल-ई. मी ती ओळ वाचलीच नसणार, कारण तिथे वाचण्यासारखं काही असतं असं वाटलंच नाही. सरांनी सगळ्या ४०० वर निळ्या शाईने सह्या केल्या, स्वतःच्या पदनामाच्या डोक्यावर, त्यांनाही दिसलं नाही. दिसलं ते तिसरं बक्षीस मिळालेल्या एका मुलाच्या आईला. मालकांनी सगळी परत छापून दिली आणि मला एक शब्द बोलले नाहीत, ते जास्त लागलं. त्या दिवसापासून मी कुठलाही कागद खालून वर वाचायला सुरुवात करते, सहीपासून.

स्टेशनरीची गोष्ट मला फार आवडते म्हणून सांगते, वेळ नसेल तर हा पॅरा सोडा. ए-आर-वाय वाला म्हणजे एका जागी उभा असलेला, स्थिर. ई-आर-वाय वाली म्हणजे वह्या-पेनं. दोन्हींचं मूळ एकच. युरोपात मध्ययुगात बरेच विक्रेते गावोगाव फिरून माल विकायचे, पण विद्यापीठांच्या आसपास पुस्तकं विकणारे एका ठिकाणी दुकान मांडून बसायचे, म्हणून त्यांना स्टेशनर म्हणायला लागले, स्टेशन धरून बसलेले. लंडनमध्ये त्यांच्या संघाला १५५७ मध्ये राजाज्ञेने सनद मिळाली. म्हणजे पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातला वह्या-पुस्तकांचा दुकानदार आणि त्याच चौकात जूनमध्ये अडकलेली पीएमपीची बस, दोघंही स्टेशनरी, फक्त दुकानदाराला ई. आता ई का? पेपर या शब्दाच्या शेवटी ई-आर आहे, स्टेशनरच्या शेवटी ई-आर आहे, तोच ई-आर पुढे स्टेशनरीत गेला. बसचा पेपरशी संबंध नाही, तिला ए.

कॉम्प्लिमेंट. ई वाला म्हणजे पूरक, कॉम्प्लीटमधला ई. तुम्ही मराठी मिडियमचे म्हणजे कोटिकोन आठवत असतील, दोन कोन मिळून ९० पूर्ण, त्याला इंग्रजीत ई वालाच शब्द आहे. आय वाला म्हणजे कौतुक. इंग्रजी पुस्तकात याला काहीतरी 'मला कौतुक आवडतं म्हणून आय' अशी ट्रिक देतात, मला ती कधी लागू पडली नाही. माझी अशी की आय म्हणजे आई, पोराचं कौतुक आय करते, आणि आय वाढते ते फुकट असतं. कारण हॉटेलातला फुकट नाश्ता पण आय वालाच, कॉम्प्लिमेंटरी ब्रेकफास्ट. हॉटेलांच्या बोर्डवर तिथे कितीतरी वेळा ई दिसतो, म्हणजे पूरक नाश्ता, कशाला पूरक कोण जाणे.

तिसरी जात म्हणजे हाताची चूक. शब्द माहीत असतो, अर्थ माहीत असतो, बोटं अक्षरं उलटी मारतात, आणि तयार होणारा शब्दही इंग्रजीत असतो म्हणून स्पेलचेक गप्प बसतो. मराठी टायपिंगमध्ये परिणामचं परिमाण होतं तसं. कॅज्युअल लीव्हच्या अर्जात कॉझल लीव्ह, म्हणजे कारणवाचक रजा. शांतता राखाच्या पाटीवर 'कीप क्वाइट', म्हणजे 'शांत'च्या जागी 'बऱ्यापैकी'. भोसरीच्या एका फॅब्रिकेशनवाल्याचं कोटेशन मी बघितलंय ज्यात लोखंडी अँगलच्या जागी 'एमएस एंजल, ५० बाय ५०' असे चार ओळीत देवदूत होते, किलोच्या भावाने. मॅनेजरमधला दुसरा ए उडाला की मेंजर राहतो, म्हणजे गोठ्यातली गव्हाण. आणि लग्नाच्या बायोडेटावर 'मार्शल स्टेटस: सिंगल' हे तर मी इतक्यांदा दुरुस्त केलंय. मॅरिटलमध्ये आर नंतर आय येतो, तो आय एक घर पुढे सरकला की लष्करी होतं. बघायला येणाऱ्यांनी सावध राहावं इतकंच.

याला समजून घेण्यासारखं काही नाही, त्यामुळे ट्रिकही नाही. आपली बोटं कुठे घसरतात ते माहीत असणं हाच उपाय. मी घसरते ती फॉर्म-फ्रॉमवर. प्रत्येक फाइल देताना कंट्रोल एफ करून दोन्ही शब्द शोधते, पाच मिनिटं जातात.

आणि चौथे म्हणजे अर्थच जवळजवळचे असतात ते. यात मी फार शिरत नाही, कारण तुमच्या मेलमध्ये हे कमी येणार. हिस्टॉरिक आणि हिस्टॉरिकल दोन्हीला आपण ऐतिहासिक म्हणतो म्हणून घोळ. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटून पुण्यात आलेला पूर हिस्टॉरिक, लक्षात राहील असा. गेल्या साठ वर्षांतली पावसाची आकडेवारी हिस्टॉरिकल, नुसती जुन्या काळची. इकॉनॉमिक म्हणजे आर्थिक, इकॉनॉमिकल म्हणजे स्वस्तात भागणारं, इथे मराठीत दोन शब्द वेगळे आहेत म्हणून मनात मराठी म्हणा आणि लिहा. एन्शुअर म्हणजे खात्री करून घेणे, अश्युअर म्हणजे माणसाला खात्री देणे, इन्शुअर म्हणजे विमा. फक्त विम्याच्या पॉलिसीवर 'सम अश्युअर्ड' लिहिलेलं असतं ते बघून गोंधळू नका, विमावाल्यांची ती जुनी रीत आहे.

मग आता करायचं काय. ती शंभरची यादी आधी बाजूला ठेवा. तुमच्या सेंट मेलमध्ये जा, गेल्या तीन महिन्यांचे मेल, आणि तुम्हाला ज्यांची भीती वाटते ते शब्द एकेक करून सर्च करा, दोन्ही स्पेलिंगनी. माझा अंदाज, शंभरातले पाच-सात शब्दच तुम्ही खरंच वापरता आणि त्यातलेही तीन-चारच चुकता. डेझर्ट, म्हणजे जेवणानंतरचं गोड, त्याला एक एस की दोन याची चिंता टेस्टिंगच्या मेलमध्ये करायचं कारण नाही. तरी विचारलंतच तर दोन, श्रीखंड एकदा घेऊन कोण थांबतं.

त्या तीन-चारातला एक घ्या. जोडी नाही, एक. जो जास्त लागतो तो. लूझ घेतलात तर आठवडाभर फक्त लूझ, आणि तोही तुमच्या कामातल्या वाक्यात. 'वी विल नॉट लूझ एनी डेटा', 'वी मे लूझ द कनेक्शन', 'वी आर लूझिंग टाइम'. वाक्य पुस्तकातलं नको, तुम्ही उद्या खरंच पाठवाल असं हवं. हाताने लिहा, मोठ्याने म्हणा, स्क्रीनच्या कडेला चिकटवा. तो घट्ट बसेपर्यंत त्याच्या जुळ्याला घरात घेऊ नका. किती दिवस लागतील ते माणसावर आहे, माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींपैकी कोणाला चार दिवस लागतात, कोणाला महिना. दिवसभर इंग्रजी वाचणाऱ्याला लवकर येतं, नुसतं लिहिणाऱ्याला उशिरा, एवढं मात्र नक्की दिसलंय.

ऑटोकरेक्टचा एक उपयोग आहे जो बऱ्याच जणांना माहीत नसतो. एकटा शब्द त्यात घालून उपयोग नाही, कारण दोन्ही स्पेलिंग कुठे ना कुठे बरोबर असतात. पण दोन शब्दांचा तुकडा घालता येतो. 'कॉझल लीव्ह' टाइप झालं की आपोआप 'कॅज्युअल लीव्ह' व्हावं असं वर्डमध्ये आणि क्लासिक आउटलुकमध्ये सेट करता येतं. तुमच्या चुकांचे असे चार-पाच तुकडे घालून ठेवा. आता एआयवाली टूल्स यातलं बरंचसं पकडतात आणि महत्त्वाच्या मेलसाठी जरूर वापरा, मी पण वापरते. पण क्लायंट चॅटवर समोर बसलेला असतो तेव्हा तेवढा वेळ नसतो, आणि तुमची अडचण तिथेच जास्त होत असणार.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, की क्लायंटला सॉरीचा मेल पाठवू का. नका पाठवू. त्याने तो डबल ओ बघितलाही नसेल, आणि ज्यांना इंग्रजी जन्मापासून येतं ते लोकही हीच चूक भरपूर करतात. पुढच्या मेलमध्ये शब्द बरोबर लिहा, झालं. मॅनेजरने सीसीत सगळ्यांसमोर केलं ते मला काही बरं वाटलं नाही, पण तो वेगळा विषय.

आणि सेंट मेलमध्ये शोधायला बसाल तेव्हा सुरुवात लूझपासून करू नका. तुमचा प्रश्न सगळा मराठीत आहे, फक्त शेवटी दोन शब्द इंग्रजीत लिहिलेत, 'प्लीज अडव्हाइझ' म्हणायचं होतं. त्यात सी पडलाय.